हलकं फिरणारं इंजिन

गॅरेजच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. हात लावून यंत्रांची पीडा उतरवणाऱ्या यंत्रमहाराजांनी नर्सताईंच्या बंद गाडीच्या बॉनेटवर तळवा टेकला, डोळे मिटले आणि किल्ली फिरवायला सांगितलं. इंजिन चालू झालं नाही, पण भिंगरीसारखं गरगरलं.

"ऐकलंत? इतकं हलकं कधी फिरलं होतं? पीडा उतरली! आता तुटलेला पट्टा तेवढा नवा घाला. इंजिन उघडाल तर कृपा उडून जाईल."

कृपा नव्हे, पेट्रोलच जणू! पण जमावाचे हात जोडलेलेच.

मी तिथला मिस्त्री. सकाळी चढावर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणारा पट्टा, तुटलेली ही गाडी मीच ओढून आणली होती. इंजिनाचं हेड, म्हणजे झडपांचा वरचा भाग, उघडायला हवं, चार दिवस लागतील, असं मी सांगितलं होतं.

ताईंचे यजमान माझ्यावर उखडले. "डोंगरापलीकडे एका बाईचे दिवस भरलेत. हिला आज पोचायचंय, आणि तुम्ही चार दिवस मागता?"

ताई मात्र शांत होत्या. "मिस्त्री, खरं सांगा. नुसता बेल्ट घातला तर?"

"बेल्ट तुटताना पिस्टन आदळून व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, वाकले असतील, तर गाडी चालणारच नाही. चाललीच, तरी चढावर इंजिनाचा चुराडा होईल. पण वाकलेच आहेत असं न मोजता सांगणार नाही."

खुणा जुळवून मी नवा बेल्ट चढवला, एकेक प्लग काढून त्या जागी सिलिंडरातल्या हवेचा दाब मोजणारा दाबमापक लावला. मागून कोणीतरी ओरडलं, "हाकला याला!" किल्ली फिरली. इंजिन तसंच हलकं फिरलं, काटा शून्यावरच. चारही सिलिंडरांत तेच.

"अश्रद्धाच्या हातातलं यंत्र खोटंच बोलणार!" महाराज गरजले.

"मग तुमच्या गाडीला लावून बघू," ताई म्हणाल्या.

महाराजांचा चेहरा उतरला. पण त्यांचा शब्द खरा ठरवायला यजमानच धावले आणि महाराजांच्या ड्रायव्हरकडून किल्ली घेऊन आले. ते इंजिन जड, धापा टाकत फिरलं आणि काटा उसळून वर गेला.

मी म्हणालो, "धडधाकट इंजिन हवा दाबतं, म्हणून जड फिरतं. वाकलेले व्हॉल्व्ह मिटत नाहीत, हवा निसटते, म्हणून हे नवा बेल्ट घालूनही हलकंच फिरलं. महाराजांनी दुखणंच बरं होण्याची खूण म्हणून दाखवलं."

"हेड उघडा," ताई म्हणाल्या आणि माझी पिकअप घेऊन निघाल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली.

चार दिवसांनी वाकलेले आठ व्हॉल्व्ह मी यजमानांपुढे ठेवले. एक त्यांनी टेबलाच्या काचेवर घरंगळवला. तो लंगडत गेला.

"त्या दिवशी याच इंजिनाच्या भरवशावर मीच तिला अडकवून ठेवत होतो," ते म्हणाले.

मंडळी, डोळ्यांना दिसलं ते खरंच असेल. त्याचा अर्थ मात्र दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नका. आधी मोजा, पडताळा, मगच माना.