जीपचं मौनव्रत

चादर उतरली तेव्हा साकीनाक्याच्या त्या जुन्या गाड्यांच्या आवारात दीडशे माणसं तरी उभी असतील. शेजारच्या लाकडाच्या वखारीतले हमालही हातातलं काम टाकून कुंपणाशी आले होते. चादरीखालून निघाली लांब बॉडीची हिरवी जीप.

"मागच्या रविवारी हीच जीप रडत होती की नाही?" गाड्यांचे गुरू म्हणवणाऱ्या यंत्रानंदांनी विचारलं. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट आणि गळ्यात डॉक्टरची नळी, असा त्यांचा थाट.

"रडत होती," लोक म्हणाले. खोटं नव्हतं ते. गिअर टाकला की जीप पोटातून असा हुंदका काढायची की कडेवरची पोरं दचकायची.

"तीन कुटुंबं बघून गेली, त्यांच्यासमोर गप्प बसली नाही. आता बघा." यंत्रानंदांनी नळी बॉनेटला टेकवली नि डोळे मिटले. "लोखंडालाही मन असतं. मन म्हणजे स्पंदन, आणि स्पंदन म्हणजे विज्ञान. इथे नारळ नाही, लिंबू नाही, देव नाही. हिला आठ दिवसांचं मौनव्रत दिलं होतं. गाडी तुम्ही निवडत नसता. गाडी तुम्हाला निवडते."

आवाराच्या मालकाने, जयवंत शेठने, किल्ली फिरवली. जीपने तीन फेऱ्या मारल्या, सगळे गिअर टाकून झाले, पण हुंदका नाही की उसासा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. द्रौपदीबाईंनी पदराने डोळे पुसले. त्यांच्या सुनेच्या, नंदाच्या अंगावर काटा आला. जीपने तिच्या घराला निवडलं होतं.

घर घाटकोपरच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं. नंदा आणि तिचा नवरा रतन, सासूबाई, दोन मुली. दिवाळीत रतनचा थोरला भाऊ वारला, तेव्हापासून वसुधावहिनी आणि त्यांची दोन मुलं. नववं माणूस नंदाच्या पोटात होतं. सकाळी वसाहतीतली मुलं शाळेत सोडायची, सुट्टीत सगळ्यांनी एकत्र घाट चढून नगरकडच्या गावी जायचं, असा बेत होता. त्याला जीपच हवी होती, आणि ऐपत जुन्या जीपचीच होती.

"आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं असं नाही," आवारातल्या गर्दीत मागून कुणीतरी म्हणालं. ते अण्णा होते, नंदाचे वडील. बसडेपोत मेकॅनिक. हातात पाना. "खालचा नट खोलून गिअरचं तेल बघू द्या. पाच मिनिटांचं काम."

यंत्रानंद गोड हसले. "काका, मौनात पोट उघडलं तर ती कायमची रुसेल. ज्याच्या मनात शंका, त्याच्या हाताला लोखंड साथ देत नाही."

लोक हसले. ते हसले म्हणून नंदाला लाज वाटली. आपल्या बापाची लाज.

"अण्णा, राहू द्या ना," ती म्हणाली. "तुमचा जन्म गेला बसखाली लोळण्यात. हे विज्ञान आहे, तुम्हाला नाही कळायचं."

ती बी.एस्सी. झाली होती ती याच माणसाच्या रात्रपाळ्यांवर. अण्णा "बरं" म्हणाले, पाना खिशात घातला आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसले.

पैसे मोजून जीप घेऊन निघताना यंत्रानंदांनी एवढंच सांगितलं, "घरात कुणाच्या मनात खोट आली, तर मात्र ही पुन्हा रडेल."

जीप चार दिवस गप्प होती. गुरुवारी चढावर तिने बारीकसा हुंदका दिला. शुक्रवारी शाळेच्या दारात सगळ्यांनी मागे वळून बघावं इतकी रडली.

"कुणाच्या तरी मनात खोट आहे," जेवताना द्रौपदीबाई म्हणाल्या. नाव घेतलं नाही. पण सगळ्यांची नजर फिरत फिरत एकाच ताटापाशी थांबली.

"वहिनी, तुम्हाला इथे काही कमी पडतंय का?" रतनने विचारलं.

वसुधावहिनींनी नुसती मान हलवली. नंदा मान खाली घालून भात कालवत राहिली. परवा दुधावरून वहिनी काहीतरी पुटपुटल्याचं तिला आठवलं होतं, आणि ते आठवून तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी दाराशी वहिनींची ट्रंक दिसली.

"माहेरी जाऊन येते. गाडी शांत होईल," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा सहा वर्षांचा पोरगा ट्रंकेवर बसला होता. "आई, मी गाडीत गप्पच बसलो होतो गं," तो म्हणाला. "खिडकीलापण हात नाही लावला."

नंदाने धाकट्या मुलीला तशीच कडेवर घेतली. "वहिनी, मी येईपर्यंत थांबा," एवढं सांगून ती तडक डेपोवर गेली.

"अण्णा, जीप परत रडायला लागली," ती म्हणाली.

अण्णांनी हात पुसले. "कुठल्या गिअरला रडते?"

तासाभराने अण्णा वसाहतीच्या अंगणात जीपखाली शिरले होते. नट सुटला नि खालच्या परातीत तेलाऐवजी काळा, घट्ट गोळा पडला, करपलेल्या शिऱ्यासारखा. अण्णांनी तो घासलेटात कालवून फडक्यातून गाळला. फडक्यावर उरली पिवळी पूड.

"भुसा," अण्णा म्हणाले. "लाकडाचा. गिअरचे दात झिजले की त्यांच्यात फट पडते, एकावर एक आपटतात. तोच तुमचा हुंदका. तेलात भुसा कालवला की तो त्या फटीत गादीसारखा बसतो. चार-सहा दिवस आवाज दबतो. मग भुशाचं पीठ होतं, गाडी परत बोलायला लागते. तोवर दात आणखी खलास. घाटात गिअर सुटला असता तर..." त्यांनी पोरांकडे बघितलं नि वाक्य तिथेच सोडलं.

"मग ते मौनव्रत?" रतनने विचारलं.

"चादरीआड नट खोललेला कुणाला दिसतो?"

द्रौपदीबाई पायरीवर बसल्या. छप्पन साली बौद्ध धम्म घेतल्यावर घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडून आलेली बाई ती. "नारळ नव्हता म्हणून फसले मी," त्या म्हणाल्या. "नारळ दिसला असता तर फाटकातूनच परत फिरले असते."

"झालं ते झालं. आता बाहेर बोलू नका," रतन म्हणाला. "ऑफिसात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

नंदाने ट्रंक उचलून आत नेली. "वहिनी, माझ्याही मनात तुमचंच नाव आलं होतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या, आणि पोराचे कपडे परत फळीवर लावू लागल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. आवारात तीच गर्दी, तीच चादर. या वेळी चादरीखाली एक निळी गाडी आणि समोर जुळ्यांना घेऊन उभं एक जोडपं. अण्णांनी नवं तेल भरलेली जीप रतनने नाही नाही म्हणत फाटकात आणून लावली. नंदा उतरली ती परात घेऊनच, मागून पाना घेऊन अण्णा.

"आमची जीप रडली," ती म्हणाली. "ती गप्प कशी झाली होती ते या परातीत आहे. तेलात कालवलेला लाकडाचा भुसा."

यंत्रानंद शांतपणे म्हणाले, "ताई, घरात कुणाच्या तरी मनात खोट असणार."

"खोट गिअरच्या दातांत होती. आणि आम्ही ती आमच्या विधवा वहिनींत शोधली."

जयवंत शेठ आडवा आला, पण तोवर मागून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस पुढे सरकला होता. "माझीही गाडी सहाव्या दिवशी रडली होती," तो खाली मान घालून म्हणाला. "मी बायकोला बोल लावला. लाजेने कुणाला सांगितलं नाही."

कुंपणापलीकडून एक हमाल म्हणाला, "शेठची माणसं दर रविवारी रात्री आमच्याकडून पिशवीभर भुसा नेतात. मच्छर पळवायला लागतो म्हणतात."

जुळ्यांच्या बापाने चादर ओढून काढली. "काका, खोला नट," तो अण्णांना म्हणाला.

अण्णा गाडीखाली गेले. यंत्रानंदांनी गळ्यातली नळी काढून खिशात कोंबली.

नंदाने परात खाली ठेवली आणि गर्दीकडे तोंड केलं. "गाडी घ्यायची तर तेल बघा, टायर बघा, जाणत्या माणसाला खाली शिरू द्या. जो उघडून बघू देत नाही, त्याचं काही घेऊ नका. नारळ नाही म्हणून ते विज्ञान होत नाही, तपासू दिलं तरच ते विज्ञान. आणि फसलात तर चारचौघांत सांगा. मी शिकलेली, मी फसले. आपण लाजेने गप्प बसतो, त्या गप्प बसण्यावर यांचं आवार चालतं."

मग ती निळ्या गाडीकडे वळली. खालून फक्त अण्णांचे पाय दिसत होते.

"अण्णा, मागच्या वेळी मी इथेच तुम्हाला बोलले. सगळ्यांदेखत. म्हणून सगळ्यांदेखतच सांगते, चुकले मी."

"परात इकडे सरकव," गाडीखालून अण्णा म्हणाले. "जरा डावीकडे. हं, धरून ठेव."

नंदा पोट सांभाळत मातीत गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी परात धरली.