रघदाची विचारपूस

व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर तांबडी काट मारलेला तो इवलासा माइक रघदाच्या चौकटीच्या कोपऱ्यात बसला होता आणि त्याच्या वर रघदाचे ओठ हलत होते... आवाज आश्लेषानेच बंद केला होता, आणि ती काट फक्त तिच्याच पडद्यावर दिसायची. दर गुरुवारी करायची. अम्मानमधली ही पत्रकार बाई एकदा सुरू झाली की प्रत्येकाच्या आईपासून मांजरापर्यंत सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय थांबायची नाही. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये बसून हा कार्यक्रम चालवणाऱ्या नरसिंहने बजावूनच ठेवलं होतं — अमेरिकन मंडळी कंटाळतात, नमस्कार झाला की आवाज कापायचा; कुणी विचारलंच तर नेटवर्क गेलं म्हणायचं.

अरब आणि अमेरिकन पत्रकारांमध्ये सामंजस्य वाढवायचं, आणि ते वाढवणार कोण, तर बसवनगुडीतल्या मागच्या खोलीत बसलेली आश्लेषा. उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्यात उंटही दुसऱ्याचा. तिला दोन्हीकडच्यांची सारखीच कीव यायची — कीव कसली, तुच्छताच ती. तिकडे ते आशीर्वाद आणि सुस्कारे, इकडे ओहायोचा कर्टिस, कुणी काहीही बोललं की अंगठा दाखवणारा. जगाला बातम्या देतात आणि समोरच्या माणसाचा चेहरा वाचता येत नाही! अमेरिकनांसाठी सूचना तिनेच लिहून दिल्या होत्या, स्वतःशी कुजकट हसत: अरब सहकाऱ्याला आधी घरच्यांबद्दल विचारा. बालवाडीतल्या पोरांना शिकवावं तसं... मला काय, सांगितलं ते लिहिलं.

आज मात्र रघदाचे हात हलत नव्हते. ती खाली बघून बोलत होती, थोडंसंच बोलली आणि थांबली. आश्लेषाला ते दिसलं होतं. दिसूनही तिने काट काढली नाही, कारण काट काढायची म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या आया आल्या.

एक अक्षरही ऐकू न आलेल्या कर्टिसने सवयीने अंगठा दाखवला. पडद्यावर तो पिवळा, भलामोठा अंगठा तरंगत वर गेला. मग सूचना आठवून, अगदी मनापासून, त्याने विचारलं, "रघदा, घरचे सगळे मजेत ना?"

रघदाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिची चौकट काळी झाली.

बैठक संपली तसा नरसिंहचा निरोप आला: कर्टिसने आपणहून विचारलं, ही क्लिप देणगीदारांना पाठवू. त्याच्याखाली रघदाचा, फक्त आश्लेषाला: 'माझा भाऊ सामी काल काम करताना मारला गेला. ते सांगितलं, तर त्या माणसाने अंगठा दाखवला आणि घरचे मजेत का म्हणून विचारलं. मी परत येणार नाही.'

त्याला ऐकू गेलं नव्हतं, आवाज मी कापला होता — एवढं लिहिलं की कर्टिस सुटत होता. आणि नोकरी जात होती. पण नोकरीचं एक वेळ राहू दे, रघदा विचारेल, कधीपासून कापतेस? आश्लेषाचे वडील, अण्णा, गेले तेव्हा नरसिंहने ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि लगेच खाली रिपोर्टची आठवण. फोन एकट्या रघदाने केला होता, सख्ख्या बहिणीसारखी रडली होती, आणि आश्लेषा फोन कॉटवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालत राहिली होती... काय नाटकी बाई आहे, असं म्हणत. तेव्हापासून रघदा दर गुरुवारी आईची चौकशी करायची.

"आशू, स्वल्प सरक, कॉफी ठेवते." आई आत आली होती. "तुझ्या त्या जॉर्डनवाल्या अक्कानं आज विचारलं काय माझं?"

"विचारलं."

विचारलंही असेल. भाऊ गेल्याचं सांगण्याआधी तिने आईच्या गुडघ्याचं विचारलं असेल, ती तशीच होती, आणि ते आता जगात कुणालाच कधी ऐकू येणार नव्हतं. आश्लेषाने कर्टिसला मूर्ख म्हणून पाहिलं, नरसिंहला हलकट म्हणून पाहिलं. एरवी तेवढ्यानं बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"सरी, बरं झालं," आई म्हणाली. "तिला कळव, गुडघा बरा आहे म्हणून. वाट बघत असेल."

रघदाच्या निरोपाखालची जागा कोरीच होती. गुडघा बरा आहे, एवढं तरी लिहावं... पण तेवढंही लिहायची आपली लायकी नाही, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि कॉफी निवत चालली.