घरच्या माणसाचं खत

सुहासिनीबाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. या जूनपासून मात्र त्या रोज सकाळी चहाआधी श्रीकांत गुप्त्यांचं वाईट चिंतत होत्या, आणि अगदी मन लावून.

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडात, हेक्सम गावाच्या वरच्या अंगाला त्यांची दीड एकर जमीन. लेस्टरच्या हॉस्पिटलमधून वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी आणि त्यांचे यजमान उल्हासराव यांनी ती घेतली आणि सहा वर्षं राबून भाजीचा मळा उभा केला. बटाटे, वाटाणे, घेवडा, गाजरं, पॉलिटनेलच्या प्लास्टिकच्या बोगद्यात मेथी. औषधाचा एक थेंब नाही. गावातली मंडळी कुंपणापाशी थांबून मान डोलवायची, आणि तिकडची मंडळी सहजासहजी मान डोलवत नाहीत.

बाहेरून आलेल्या खताची बाई परीक्षा घेत. गवतावर मारलेलं तणनाशक घोड्याच्या पोटातून तसंच लिदीत उतरतं आणि मग बटाटा-घेवड्याला धड वाढू देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून खत कुंड्यांत भरायचं, घेवडा पेरायचा, तीन आठवडे थांबायचं. पानं सरळ आली तरच खत मळ्यात. शेजारच्या शेतकऱ्याचं खतसुद्धा यातून सुटलं नव्हतं.

श्रीकांतरावांचं सुटलं. हे उल्हासरावांचे तीस वर्षांचे मित्र, नॉटिंगहॅमचे दातांचे डॉक्टर, आता पाच मैलांवर राहायला आलेले, दारी दोन घोडे. मार्चमध्ये त्यांनी स्वतः ट्रेलर भरभरून लिदीचं खत आणून टाकलं. बाईंनी कुंड्या काढल्या, तर उल्हासराव म्हणाले, "अगं, श्रीकांतने दिलंय. त्याच्या खताची काय टेस्ट घेतेस? त्याला कळलं तर काय वाटेल?" बाईंनाही ते पटलं. घरच्या माणसावर संशय घेतल्यासारखं दिसलं असतं. कुंड्या परत शेडमध्ये गेल्या.

मेअखेर बटाट्याची पानं मुठी वळल्यासारखी झाली. घेवडा वीतभर वर आला आणि आक्रसून गेला. बाई वाफ्याच्या कडेला बसून रडल्या. आता दोन-तीन वर्षं या मातीत यातलं काही येणार नव्हतं, आणि त्यांचं वय होतं अडुसष्ट, दोन्ही गुडघे बदललेले.

तरी राग नव्हता. होते चूक एखाद्याची, असं त्या म्हणत राहिल्या. मग एके दिवशी श्रीकांतरावांच्या सीमाचा फोन आला. "आमचे टोमॅटो पण लास्ट इयर असेच कर्ल झाले हो, वहिनी," ती म्हणाली. "हे म्हणाले, आपलीच लीद बाधली. म्हणून या वर्षी आम्ही गार्डन सेंटरमधनंच कंपोस्ट आणलं." सीमा भाबडी. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलंही नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गृहस्थाला माहीत होतं. स्वतःच्या टोमॅटोला जे चालत नाही ते मित्राच्या मळ्यात आणून ओतलं, का, तर दारातला ढीग हलवायचा होता.

"जाऊन बोलू या का त्याच्याशी?" उल्हासरावांनी विचारलं.

"तुम्ही मार्चमध्ये बोललात तेवढं पुरे झालं," बाई म्हणाल्या आणि शेडमधून बारा कुंड्या काढून आणल्या.

जुलैत श्रीकांतरावांच्या गावात ओपन गार्डनचा दिवस असतो. ज्याची त्याची बाग सगळ्यांना खुली, चहा आणि केक. श्रीकांतरावांचं हे पहिलंच वर्ष. नवी हॅट घालून ते फाटकात उभे होते. शेजारी पोत्यांची चळत आणि वर पाटी, 'ऑरगॅनिक खत, फ्री'. बाईंनी गाडीतून दोन ट्रे उतरवले आणि केकच्या टेबलावर मांडले. सहा कुंड्यांत घेवडा तरतरीत, वर चिठ्ठी 'माझं कंपोस्ट'. सहांत वेडावाकडा, वर चिठ्ठी 'श्रीकांतचं खत'. मग खुर्ची ओढून त्या शांत बसल्या.

उत्तरेकडच्या बागवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गावच्या भाजी-स्पर्धेच्या परीक्षक डोरीनबाईंनी एक पान बोटांत धरून पाहिलं. "वीडकिलर," त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि फाटकातून फुकट घेतलेलं काखेतलं पोतं परत नेऊन त्यांनी श्रीकांतरावांच्या पायाशी ठेवलं. त्यांच्यामागून आणखी चौघांनी ठेवलं.

श्रीकांतराव घाईने आले. "वहिनी, प्लीज. आत्ता नको. नंतर बोलू ना."

"मी कुठे काय बोलले, भाऊजी? तुम्हाला माहीत होतं का, तेवढं सांगा."

त्यांनी हॅट काढली. "मला वाटलं, तुमची एवढी मोठी जागा. डायल्यूट होऊन जाईल."

बाईंना बरं वाटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना अगदी मनापासून बरं वाटलं, आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

सीमा मात्र रडवेली झाली होती. "घरी येऊन बोलला असतात, वहिनी. आपण काय परके आहोत का?"

"घरी आले असते तर तू चहा टाकला असतास," सुहासिनीबाई म्हणाल्या, "आणि मी तो पिऊन परत गेले असते."

सीमाने कुंड्यांकडे हात नेला. बाईंनी ट्रे स्वतःकडे ओढून घेतला. बाग पाच वाजेपर्यंत खुली होती, आणि आत्ता कुठे दोन वाजले होते.