न केलेल्या चुकीची कबुली

ग्रंथबांधणीच्या त्या कारखान्यात सगळे जिला धाकटी म्हणत, ती मुलगी पाने शिवण्याचे काम करीत असे. वय बावीस, हात विलक्षण स्थिर. मालकांनी तिला शब्द दिला होता: महिनाअखेर ती कायम होईल आणि माळ्यावरची खोली तिला राहायला मिळेल. त्या खोलीपायी तिचा जीव टांगणीला लागला होता, कारण तोवर रोज वडिलांच्या घरी परतणे अटळ होते.

त्या दुपारी शिवणकामातल्या वडीलधाऱ्या काकूंनी एक दुर्मिळ ग्रंथ उघडला आणि त्या चरकल्या. कडा इतक्या कापल्या गेल्या होत्या की प्रत्येक पानाची शेवटची ओळ नाहीशी झाली होती.

मालकांनी ग्रंथ हाती घेतला व अगदी शांत स्वरात विचारले, "हे कुणी केलं?"

ते ओरडले असते तर धाकटी कदाचित गप्प राहिली असती. परंतु तिचे वडीलही पट्टा मुठीभोवती गुंडाळीत असेच शांतपणे विचारीत. उत्तर लांबले की मार तिच्या भावाच्या वाट्याला येई. दोष कोणाचा, हे मनात येण्यापूर्वीच तो अंगावर घेण्याची विद्या तिने सातव्या वर्षी आत्मसात केली. भाऊ पुढे परगावी जाऊन सुखी झाला. विद्या मात्र हिच्या हाडीमाशी खिळली.

"मी केलं, मालक."

"वेड लागलंय का तुला?" काकू म्हणाल्या. "त्या कापायच्या यंत्राकडे कधी फिरकली तरी आहेस?"

"मीच केलं, काकू."

"घ्या. उद्या सूर्य मावळला तरी म्हणेल, मीच विझवला."

मालकांनी ग्रंथ मिटला. सकाळी कोणी येण्यापूर्वी माप चुकवून त्या यंत्राचे पाते त्यांनी स्वतःच ओढले होते. ग्रंथाचे धनी उद्या येणार होते, आणि त्यांच्यापुढे सांगण्यास अपराधी आयताच चालून आला होता. मालकांच्या दृष्टीत क्षणभर दया तरळली. परंतु ती दया कष्टाळू नव्हती.

"कबूल केलंस हे बरं केलंस, बाळ. पण खोलीचं आता विसर. उद्यापासून येऊ नकोस."

तिचे आखडलेले खांदे सैल झाले. जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या सुटकेपुढे खोलीही तिला क्षणभर आठवली नाही.

"आणि जाताना तेवढं पातं काढून पुसून ठेव."

ती यंत्रापाशी गेली. त्याचे दांडे, चाक, पेच तिने परक्यासारखे चाचपून पाहिले. अखेर संकोचून म्हणाली, "मालक, हे सोडवायचं कसं?"

मालकांनी तिला ते मोठ्या निगुतीने शिकवले.