अर्धा पेटलेला बोर्ड

मी एक जुना संगणक आहे. आखाडा बाळापूरच्या बाजारात फ्लेक्स-बोर्डाच्या दुकानात मी काम करतो. मित्रांनो, मला नांदेडहून मोटारसायकलवर आणलं. सुरज गाडी चालवत होता आणि त्याची बहीण करुणा मला मांडीवर धरून मागं बसली होती. सात वर्षं दोघांनी माझ्यावर लग्नांचे, दुकानांचे बोर्ड केले. लोक नाव घ्यायचे.

गेल्या पावसाळ्यात सुरज तापानं गेला. त्याचा श्रद्धांजलीचा फलक करुणानंच माझ्यावर बनवला. फोटो कापला, तारीख घातली, प्रिंट काढली. ती रडली नाही. मग दोन महिने दुकान बंद होतं. माझ्यावर धूळ बसली, आणि मलाही काही वाटेनासं झालं.

दुकान उघडलं तसा फाट्यावरचा हॉटेलवाला लालसिंग आला. "ताई, सुरजनं माझा बोर्ड सुरू केला होता. निऑनच्या नळीवानी पेटलेली अक्षरं. जमंल का?"

"बघते," करुणा म्हणाली.

तिनं फाईल उघडली. काळपट विटांची भिंत, त्यावर 'मोतीबाई भोजनालय'. फक्त 'मो' पेटलेला. तिनं 'ती'मध्ये गडद गुलाबी भरला, मग आणखी भडक केला.

"हे रंगवल्यावानी दिसून राहिलं," लालसिंग म्हणाला.

"मग 'मो' पुसून सगळं साधंच करून देऊ?"

"काहून पुसता? तेवढंच तर पेटलंय."

'मो' निवडलेला होता. पुसायच्या बटणावरचं बोट तिनं उचललं आणि सुरजचे लेअर, म्हणजे एकावर एक चढवलेले थर, एकेक करून बंद केले. वरची बारीक, जवळजवळ पांढरी रेघ गेली, तसं अक्षर विझलं. त्याखाली गुलाबी कडा होती, त्याखाली दूरवर विरलेलं गुलाबी धुकं. तळाशी विटांवर सांडलेला उजेड. त्या लेअरला सुरजनं नाव दिलं होतं, 'अजून कमी कर'.

करुणा ते नाव बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सगळे लेअर परत चालू केले आणि तो उजेड कमी केला. 'मो' खरोखर भिंतीवर लावल्यासारखा दिसू लागला. तसंच तिनं एकेक अक्षर पेटवलं.

"बराबर," लालसिंग म्हणाला. "सुरजच्याच हातचा वाटतो."

"'मो' त्याचा हाय. बाकीचं मी केलं," ती म्हणाली, आणि पुढचं काम उघडलं.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. माझ्यासारख्याला भंगारात द्यायचं तर खुशाल द्या. पण त्याआधी आत कुणाचं काय अर्धं राहिलंय, तेवढं उघडून बघा.