तिखट मुळ्याचा डाग

"गुलाबी झालं?" साहेबांनी पोलिसांच्या प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

"झालं."

"मग रक्त. लिहून टाका, याद्विगाबाई, आणि निघा. उद्या ईस्टरची टोपली न्यायची ना चर्चमध्ये?"

"साहेब, ही माझ्याच ब्लाऊजची बाही आहे. काल टोपलीसाठी बिटात तिखट मुळा किसून घालत होते, त्याचा डाग."

साहेब आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

डाग कागदावर टिपायचा, वर औषधाचा थेंब, मग पेरॉक्साइडचा. रक्त असलं की कागद गुलाबी होतो. पण हा तिखट मुळा, हॉर्सरॅडिश, अगदी तसाच फसवतो. म्हणून डाग आधी ओव्हनमध्ये तापवायचा. मुळ्याचा जोर उतरतो, रक्ताचा नाही. बाहीचा दुसरा तुकडा मी तापवला होता. त्याचा कागद कोराच राहिला.

बावीस वर्षांपूर्वी झेनॉन कुल्पाचा शर्ट मी तापवला नव्हता. ईस्टरचेच दिवस, त्याच्या शेजाऱ्याचा खून झालेला, पक्क्या चाचणीचं सामान संपलेलं आणि साहेबांना घाई. मी 'रक्त' लिहिलं. "अहो बाई, बीट आहे ते! बायकोनं मुळा किसला, मी ढवळलं," कुल्पा कोर्टात ओरडला, तेव्हा लोक हसले होते. तो चौदा वर्षं आत होता. बायको मधेच वारली. आणि मी भित्री, हा साधा प्रयोग करायला आजचा दिवस उजाडावा लागला.

"शर्ट कधीच जाळलाय," साहेब हळूच म्हणाले. "दाखवणार काय? पेन्शनला आठ महिने उरलेत, क्राकूवला मुलीकडे जायचंय तुम्हाला. आणि त्या अहवालावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

मी ओव्हन बंद केला आणि पर्स उचलली.

शनिवारी चर्चमधलं लांब टेबल टोपल्यांनी भरून गेलं होतं. कुल्पाने आपली टोपली सरकवली. "ठेवा बाई, होईल जागा." त्याच्या टोपलीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज, सगळं होतं, मुळा तेवढा नव्हता.

"कुल्पा," मी म्हणाले, "तुमच्या शर्टावर... ते बीटच होतं हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला ठाऊकच होतं की, बाई. मला काय सांगताय?"

तेवढ्यात पाद्री पवित्र पाणी शिंपडत आमच्यापर्यंत आला. दोन-चार थेंब कुल्पाच्या बाहीवर पडले. नुसतं पाणी, पण त्याने घाईघाईने रुमाल काढला आणि बाही कोरडी होईपर्यंत तो पुसत राहिला.