नाव कमी केल्याचा दाखला

आदिलाबादकडच्या बेला मंडळातल्या त्या गावात कोणाचाही कागद अडला की तो उद्धवरावांच्या ओट्यावर यायचा. मराठी त्यांची घरची, तेलुगू शाळेतली, आणि दरखास्त, फैसला, पहाणी असले जुने शब्द वडिलांकडून आलेले. तहसिलीतला शिपाईसुद्धा त्यांना बसायला खुर्ची द्यायचा. कागद म्हटला की उद्धवराव, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून उद्धवरावांची मान ताठ व्हायची. या ताठ मानेपायीच पुढचं सगळं झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या रुपाचं लग्न करून दिलं. जावई राजकुमार पैनगंगेच्या पल्याडचा. नदीवरचा पूल ओलांडला की पोरीचं घर, पण राज्य दुसरं आणि रेशनकार्डही दुसरं. इकडच्या कार्डातून पोरीचं नाव कमी करून त्याचा दाखला सासरी द्यावा लागतो, तेव्हा तिकडं नाव चढतं. लोक दोन-दोन वर्षं चालढकल करतात. पोरीच्या वाट्याचा तांदूळ मिळतोय तोवर कोण जातो तहसिलीत? उद्धवराव मात्र आठव्या दिवशी गेले. पोरीच्या अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती.

"अजी, एवढी काय घाई हाये?" रेणुकाबाई म्हणाल्या होत्या. "तिकडं चढू तं द्या आधी."

"सरकारचा तांदूळ काय आपल्या बापाचा हाये? पोरगी गेली, नाव गेलं. कायदा म्हनजे कायदा."

दाखला निघाला तेलुगूत. पल्याडच्या तहसिलीतल्या बाबूने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, मराठी करून, वर शिक्का मारून आणा. राजकुमारने कागद घरी नेऊन पेटीत टाकला. उद्धवरावांनी दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांचा हात फोनकडे गेला नाही, जावयापुढे किती वेळा तोंड वेंगाडायचं? झालं. रुपाचं नाव इकडंही नव्हतं आणि तिकडंही नव्हतं. पोरगी खाऊन-पिऊन हसत-खेळत होती, त्यामुळे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

या दिवाळीला रुपा माहेरी आली ती ओट्याच्या तीन पायऱ्या चढून खाली बसली. पाय सुजलेले, ओठ निळसर. "काई नाई बाबा, प्रवासानं झालं," म्हणाली. मोठा भाऊ पंढरी तिला मोटारसायकलवर आदिलाबादला घेऊन गेला, उद्धवराव मागून बसने पोचले. डॉक्टरने छातीची तपासणी केली आणि तिला बाहेर बसवून उद्धवरावांना सांगितलं, लहानपणच्या तापाने हृदयाची एक झडप अरुंद झालीय. हैदराबादला नेऊन फुग्याने ती उघडता येते. पोरगी तरुण आहे, चांगली होईल, फक्त उशीर करू नका. खर्चाची काळजी नको, सरकारी विम्याच्या योजनेत सगळं बसतं. कार्ड आणा.

कार्ड! उद्धवराव दवाखान्याच्या जिन्यावरच बसले.

नाव पुन्हा चढवायची दरखास्त त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिली. तहसिलीतल्या माणसाने सांगितलं, चौकशीला माणूस येईल, मग वरून मंजुरी, चार-सहा महिने धरा. पल्याड राजकुमारने आता कुठे पेटी उघडली आणि तो दाखला घेऊन तिकडच्या तहसिलीत खेटे घालू लागला. आणि रुपाला रात्री आडवं झोपता येईना, भिंतीला टेकून बसूनच डोळा लागायचा.

तोडगा काढला पंढरीने. "बाबा, पूनमचं नाव हाये न कार्डात. दोघी एकाच वयाच्या. रुपाले पूनम म्हनून भरती करू."

पूनम म्हणजे पंढरीची बायको. उद्धवराव असे भडकले की शेजारचे ओट्यावर आले. परगावच्या एकाने असंच केलं होतं, तेव्हा याच उद्धवरावांनी त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं. एकाच्या नावावर दुसरा उपचार घेऊ लागला तर योजना बुडायला किती दिवस लागतील, असं भाषणच दिलं होतं त्यांनी पारावर.

पूनमने स्वयंपाकघरातून येऊन आपला फोन आणि आधारकार्ड सासऱ्यापुढे ठेवलं. "मामाजी, रुपाताई वाचते तं वापरा माहं नाव. नाव काय झिजून जाते?"

उद्धवरावांनी पोरीकडे पाहिलं. ती खाटेवर दोन्ही हात टेकून श्वास ओढत होती. त्यांनी आधारकार्ड उचलून खिशात घातलं.

आदिलाबादच्या त्या दवाखान्यात योजनेच्या टेबलावर वृषाली नावाची मुलगी बसायची, इंद्रवेल्लीची, मराठी बोलणारी. तिने रुपाचा अंगठा मशीनवर ठेवला, मशीनने घेतला नाही. "कापूस वेचून वेचून बोटं झिजली जी," पंढरी घाईघाईने म्हणाला. तशी झिजलेली बोटं वृषाली रोज बघायची. तिने फोनवर नंबर पाठवला, तो पूनमच्या फोनवर आला, आणि पूनमचा फोन पंढरीच्या खिशात होता. कार्डावरचा फोटो जुना, पदर कपाळापर्यंत ओढलेला. वृषालीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा रुपाकडे, आणि मग उद्धवरावांकडे पाहून म्हणाली, "काका, आणखी काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

"काई नाई," उद्धवराव म्हणाले. मग फॉर्मवर सही केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कागदावर खोटं टाकलं.

वॉर्डात रुपाला मोठी गंमत वाटली. दम लागत होता तरी तिची जीभ गप्प बसेना. आईला म्हणाली, "का सासूबाई, सुनेचे पाय दाबून राह्यल्या? गावात सांगन मी." पंढरी आला की पदर तोंडावर घेऊन लाजायची आणि तो वैतागायचा. "गप बस वं, नर्स ऐकन." मग नर्स खरंच आली की ती उद्धवरावांना मुद्दाम मोठ्याने हाक मारायची, "मामाजी, पानी द्या न!" उद्धवरावांना हसूही यायचं आणि काळजात कळही उठायची. नर्स गेली की ते पुटपुटायचे, "बाबा म्हन माय एकदा." ती डोळा मारून म्हणायची, "हैदराबादहून आली का म्हनतो. तवर सवय मोडाले नको."

फाईल हैदराबादला गेली. मंजुरी दोन दिवसांत येते म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वृषाली कागद घेऊन खाटेपाशी आली.

"पूनमताई, दोन वर्षांपूर्वी तुमचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालंय ना, याच कार्डावर?"

रुपाने बापाकडे पाहिलं. पूनमचं ते ऑपरेशन! अहो, घरातलीच गोष्ट, पण ऐन वेळी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

"झालं व्हतं," उद्धवराव म्हणाले.

"मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांनी प्रश्न काढलाय. त्या वेळी छातीची तपासणी केली होती, हृदय एकदम ठीक होतं. दोन वर्षांत झडप इतकी कशी बिघडली? पुन्हा तपासणी करून पाठवा म्हणतात. आणि पोटावरच्या जुन्या टाक्यांचा फोटो मागितलाय."

रुपाच्या हाताची मूठ चादरीवर घट्ट झाली. तिच्या पोटावर टाका कुठून असणार? रेणुकाबाईंनी उठून पोरीच्या पोटावर चादर ओढली, जणू तेवढ्याने झाकलं जाणार होतं. वृषालीला काय समजायचं ते समजलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी आज नाही घेत फोटो. उद्या सकाळपर्यंत विचार करा काका. पण फाईल तोवर पुढे जाणार नाही."

उद्धवराव बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. हैदराबादच्या त्या न पाहिलेल्या डॉक्टरला शिव्या घालाव्या म्हटलं तर तोंडात शिवी येईना. तो माणूस नेमकं तेच करत होता जे उद्धवरावांनी त्याच्या जागी बसून केलं असतं. त्याच्यापुढे पूनमचे कागद होते आणि पूनमचे कागद खरे होते. खोटी फक्त आपली पोरगी. वाटलं, आत्ता जावं, टेबलावर डोकं टेकवावं आणि सगळं सांगून टाकावं. पंढरीने ओळखलं. त्याने बाहेर येऊन बापाचा दंड धरला. "बाबा, सांगतलं तं मले अन् पूनमले आत टाकतीन. लेकरं कोन पाहीन? अन् रुपाचं काय होईन? हिले आज काढून देतीन बाहेर." सकाळी सांगू, असं उद्धवराव म्हणाले. सकाळी सांगू!

सकाळ झाली आणि रुपाच्या छातीत पाणी भरलं. डॉक्टर धावत आले, नळी लावली, इंजेक्शनं दिली, नर्सने खाटेचं डोकं वर उचललं. रेणुकाबाईंना बाजूला सारलं. रुपाचे डोळे बापाला शोधत होते. उद्धवराव पुढे झाले, त्यांनी तिचा हात धरला, तो गार होता. नर्स तिथेच होती, नळी धरून. रुपाने नर्सकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि अर्ध्या श्वासात म्हणाली, "मामाजी..."

तेवढंच. पोरीने शेवटपर्यंत भावाला सांभाळलं. बाबा म्हणायला नर्स जरा बाजूला व्हायला हवी होती, आणि नर्स काही बाजूला झाली नाही. साडेअकराला डॉक्टरने नळी काढली.

रेणुकाबाई पोरीच्या अंगावर पडल्या. "माय वं..." एवढंच फुटलं. पुढचं नाव तोंडाशी आलं आणि त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. आई मेलेल्या पोरीचं नाव घेऊन रडू शकत नाही, असलं कधी कोणी पाहिलंय का? त्या नुसत्या पुढे-मागे डोलत राहिल्या, पदर दातात धरून.

टेबलावर वृषालीने फॉर्म पुढे केला. तिचेही डोळे लाल झाले होते. मृताचं नाव छापूनच आलं होतं: पूनम. खाली दोन जागा रिकाम्या होत्या. देह ताब्यात घेणाऱ्याची सही, आणि मृताशी नातं.

"काका," ती फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर मी साहेबांच्या मागे लागले असते. बिनकार्डाच्या माणसासाठी मोफत उपचाराची चिठ्ठी मिळते कधीकधी. मिळालीच असती असं नाही. पण धडपडले असते."

गावभराच्या कागदांची वाट माहीत असलेल्या उद्धवरावांना हे एक विचारायचं सुचलं नव्हतं. का सुचलं नाही? पोरीचं नाव आपणच कापलं, हे परक्या पोरीपुढे कबूल करायची लाज वाटली म्हणून. दुसरं कारण नव्हतं. आता कपाळ बडवून घेऊन काय उपयोग?

"आता खरं सांगतलं तं?" त्यांनी विचारलं.

"मग पोलीस येतील. चिरफाड होईल. चौकशी तर होणारच." ती खाली बघून म्हणाली. "ठरवा तुम्ही. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

मागे पंढरी भिंतीला टेकून उभा होता. त्याने हात जोडले नाहीत. फक्त बापाकडे बघत होता. घरी पूनम दोन लेकरांना घेऊन फोनची वाट बघत बसली असेल. ती बिचारी आता कागदावर मेली. आणि जी खरी मेली ती कागदावर कुठेच नव्हती.

उद्धवरावांनी पेन घेतलं. रुपाचं लग्नपत्रिकेवरचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, शाळेच्या फॉर्मवरचंही. आता ते नाव लिहायला जागा नव्हती. नात्यापुढे त्यांनी लिहिलं: सासरा. मग सही केली, नेहमीसारखी, खाली रेघ ओढून.

देह बाहेर आणला तेव्हा रेणुकाबाई स्ट्रेचरजवळ उभ्या होत्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली रुपा, एक हात तेवढा बाहेर. मनगटाला कागदाची पट्टी बांधलेली, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. रेणुकाबाईंना कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी ती पट्टी दोन बोटांत धरली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अजी, त्या फॉर्मवर काय लिवलं ते मले नका सांगू. पर हे तं हिच्या अंगावर बांधलं हाये. येच्यावर तरी आपल्या पोरीचं नाव हाये न?"

उद्धवराव वाकले. खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पट्टीवरची अक्षरं एकेक करून नीट वाचली.

"हो," ते म्हणाले. "रुपा लिवलं हाये."

तेव्हा कुठे रेणुकाबाईंनी तोंडातला पदर सोडला आणि पट्टी गालाशी धरून त्या रडल्या.